दाजींचा शेवटचा पीळ

जगातली यच्चयावत दुःखं कुठला ना कुठला स्क्रू ढिला राहिल्यामुळे निर्माण झाली आहेत, असं मनापासून मानणारा एकच माणूस मला आयुष्यात भेटला, आणि तो माझ्या सख्ख्या बहिणीचा नवरा निघाला. त्यांना आम्ही दाजी म्हणतो. अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर म्हणून उभी हयात काढून ते निवृत्त झाले, पण निवृत्त झाले ते फक्त दाजी. त्यांचा स्क्रू ड्रायव्हर अजून कामावर आहे. लोक शर्टाच्या खिशाला पेन लावतात, तसा दाजींच्या खिशाला लाल मुठीचा एक बुटका स्क्रू ड्रायव्हर असतो. लग्नात असतो, बारशात असतो, आणि एकदा तर मयताच्या घरी भेटायला गेले तेव्हाही होता. तिथे पंखा खडखडत होता. रडणारी माणसं जरा थांबल्यावर दाजी मुकाट्याने उठले, पंखा बंद करून स्टुलावर चढले, त्याची खडखड घालवली आणि खाली उतरून पुन्हा मान खाली घालून बसले. ताई शरमेने अर्धी झाली होती. पण त्या घरच्या म्हातारीने नंतर तिला सांगितलं, "बाकीचे येऊन चार शब्द बोलून गेले गं, तुझ्या मालकांनी वारा दिला."

कुणाच्याही घरी गेले की दाजी आधी पाणी मागत नाहीत. दार उघडतानाच त्यांचा हात बिजागरीवर जातो. मग चपला काढता काढता कडी, हात धुता धुता नळ, आणि चहा येईपर्यंत कुकरचा दांडा. ढिल्या वस्तूला ते ढिली म्हणत नाहीत, "बोलतेय" म्हणतात. "मेव्हणीबाई, तुझा दांडा बोलतोय गं." माझं लग्न जमवायला आमच्याकडची मंडळी मुलाच्या घरी गेली, तेव्हा वडीलधारे मुलाचं शिक्षण, नोकरी, पगार विचारत होते आणि दाजी त्यांच्या कपाटाचं दार बसवत होते. परत येताना रिक्षात बाबांनी विचारलं, "काय वाटतं जावईबापू, माणसं कशी आहेत?" दाजी म्हणाले, "द्या मुलगी. घरातले सगळे स्क्रू ढिले आहेत. जिथं सगळं टाइट असतं ना, तिथली माणसं फार कडक असतात." सबंध आयुष्य स्क्रू आवळण्यात घालवलेल्या माणसाने हे म्हणावं याचं मला तेव्हा फक्त हसू आलं. माझे सासू-सासरे मात्र खरंच फार सैल स्वभावाचे निघाले. बारवी धरणाकडे आम्ही एकदा सहलीला गेलो, तर जेवणाच्या झोपडीवजा हॉटेलातलं डुगडुगणारं बाक दाजींनी ताट येण्याआधी पक्कं केलं, आणि मालकाने खूश होऊन दिलेला जास्तीचा पापड "सर्व्हिसिंगचा" म्हणून हक्काने खाल्ला.

एवढं सगळं करण्यामागे दाजींचं एक तत्त्वज्ञान होतं. स्क्रू काय, कुणीही फिरवतं, असं त्यांचं म्हणणं. शेवटचा पीळ महत्त्वाचा. तो कमी पडला तर वस्तू बोलते आणि जास्त झाला तर आटे जातात. कुठे थांबायचं ते डोळ्याला दिसत नाही, कानाला ऐकू येत नाही. ते फक्त बोटांच्या टोकांना कळतं. हे सांगताना ते अंगठा आणि पहिली दोन बोटं एकत्र आणून हवेत एक अदृश्य स्क्रू फिरवायचे, फिरवता फिरवता थांबायचे आणि डोळे मिटून म्हणायचे, "बस. आला." समोरच्याला काहीही आलेलं दिसत नसे, पण दाजींच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे समाधान पसरे, ते पाहून कुणी वाद घालत नसे.

नेमकी तीच बोटं त्यांच्यावर रुसली. मांजर्लीला ताईचं घर तळमजल्यावर आहे, नदी तिथून फार लांब नाही. एका पावसाळ्यात पाणी घरात शिरलं, वरच्या मजल्यावरच्यांनी आसरा दिला म्हणून निभावलं. पाणी ओसरल्यावर सगळे चिखल उपसत होते आणि दाजी घरातल्या प्रत्येक वस्तूचा प्रत्येक स्क्रू काढून, पुसून, तेल लावून पुन्हा बसवत होते. गंजलेले स्क्रू सहजासहजी हलत नाहीत. दाजी त्यांच्यावर सगळ्या अंगाचा जोर लावायचे, आणि संध्याकाळी हात झटकत बसायचे. "मुंग्या येतायत जरा," असं तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. मुंग्या आल्या त्या गेल्याच नाहीत. आधी झोपेत यायच्या, मग पेपर धरला की यायच्या, मग स्कूटरची मूठ धरली की. पुढे पुढे हातातून वस्तू पडायला लागल्या. दाजींनी याचं खापर वस्तूंवर फोडलं. कप पडला की "हल्ली कपाला कानच नीट देत नाहीत." किल्ली पडली की "किल्लीच गुळगुळीत." उल्हासनगरच्या बाजारात त्यांचा एक ठरलेला सिंधी दुकानदार आहे, स्क्रू-वायसर घ्यायला ते तिथेच जातात. त्याच्या काउंटरवर यांच्या हातून खिळ्यांचा अख्खा डबा सांडला, तेव्हा दाजींनी त्यालाच सुनावलं की डब्याचा पत्रा हलका आलाय. तो बिचारा खाली वाकून खिळे वेचत म्हणाला, "काका, डब्बा तो वही है, बीस साल से. आप हाथ दिखाओ किसी को." दाजी महिनाभर त्या दुकानाची पायरी चढले नाहीत.

खरं काय ते माझ्या स्वयंपाकघरात उघडं पडलं. मी खरवईला राहते, नवीन बिल्डिंग आहे, आणि नवीन बिल्डिंगमधल्या सगळ्या नळांसारखा माझाही नळ गळत होता. दाजींनी पाणी बंद करून वायसर बदलला, पाणी पुन्हा सोडलं आणि नळ आवळायला घेतला. आवळत गेले. नेहमी जिथे थांबायचे तिथे थांबले नाहीत. मी बघत होते, त्यांचे डोळे मिटलेले होते, ते कशाची तरी वाट बघत होते. मग कट्‌ असा आवाज आला आणि नळ हातात आला. तो पाणी यायचा वार होता. पाण्याचा फवारा थेट छताला लागला, डाळीचा डबा, मसाल्याचा डबा, माझा नवरा, सगळे न्हाले. नवऱ्याने धावत जाऊन खालचा व्हॉल्व्ह बंद केला. दाजी तसेच ओट्यापाशी उभे होते, ओल्या शर्टाने, मोडका नळ हातात धरून. मला वाटलं आता "प्लॅस्टिकचा माल" म्हणतील. पण ते अगदी हळू म्हणाले, "कळलंच नाही गं." त्या माणसाचा तो चेहरा मला बघवेना, म्हणून मी फरशी पुसायला बसले.

मग डॉक्टर झाले, हाताला करंट देऊन नसांची तपासणी झाली, आणि कार्पल टनेल नावाचं प्रकरण आहे असं निघालं. तपासणारी डॉक्टरीणबाई ताईच्या मुलीच्या वयाची असेल, पण समजावून सांगणारी होती. मनगटात एक छोटा बोगदा असतो, त्यातून अंगठ्याकडे आणि पहिल्या बोटांकडे जाणारी नस जाते, त्याच्यावरची पट्टी जाड होऊन नस आवळली गेली आहे. पट्टा, गोळ्या यांची वेळ निघून गेलीय, अंगठ्याखालचा मांसल भागसुद्धा बसायला लागलाय. दाजी फिटरसारखं मन लावून ऐकत होते. "मग करणार काय?" त्यांनी विचारलं. "छोटंसं ऑपरेशन. ती पट्टी कापून सैल करायची." दाजी खुर्चीत मागे सरकले. "म्हणजे ढिलं करणार?" "हो, ढिलंच करायचं." दाजींनी ताईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि अत्यंत दुखावलेल्या सुरात म्हणाले, "मॅडम, मी पस्तीस वर्षं फिटर आहे. ढिलं करून काही दुरुस्त झालेलं मी अजून बघितलं नाही." डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण. म्हणाल्या, "काका, बोटांना परत कळायला लागेल याची हमी मी पूर्ण देत नाही. पण नाही केलं तर आहे तेही जाईल." घरी दाराशी आल्यावर दाजींनी बिजागरीवर हात ठेवला, काढून घेतला, आणि म्हणाले, "करू या."

ऑपरेशन तासाभराचंही नव्हतं, फक्त हात बधिर केला होता, त्यामुळे आत काय चाललंय ते ऐकायला दाजी जागे होते. बाहेर आल्यावर त्यांनी पहिली तक्रार केली ती टेबलाची. "चाक बोलत होतं. सांगितलं मी त्यांना." नंतरचे दिवस मात्र फार कठीण गेले. पट्टी बांधलेला हात छातीपाशी उंच धरून ते घरभर फिरायचे. डाव्या हाताने जेवताना भात ताटात कमी आणि मांडीवर जास्त जायचा. ताई भरवायला गेली की रागवायचे. टाके निघाले तरी तळहाताच्या मुळाशी दुखायचं, साधं बरणीचं झाकण उघडायचं नाही. डॉक्टरीणबाईंनी दाबायला एक मऊ चेंडू दिला होता. तो त्यांनी एकदा दाबून बघितला आणि "याला आटे कुठेत?" म्हणून टीव्हीमागे टाकला. सगळ्यात वाईट म्हणजे त्यांचा खिसा रिकामा असायचा. लाल मुठीचा स्क्रू ड्रायव्हर ताईच्या मिक्सरमागे पडून होता. आमच्याकडे आले की ते आता सरळ सोफ्यावर बसायचे आणि पाणी मागायचे. कुकरचा दांडा बोलत असायचा, ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

युक्ती ताईची. चेंडू दाबत नाहीत तर नाहीत, स्क्रू फिरवतील. जोर लागणार नाही असे हलके स्क्रू आधीच ढिले करून ठेवायचे, आणि दाजींनी सहज आवळावेत. डॉक्टरीणबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, हलक्या हाताने असेल तर चांगलंच आहे. झालं, आम्ही बायका कामाला लागलो. मी चमच्याच्या टोकाने कुकरचे दांडे सैल करायची, ताई ड्रॉवरच्या मुठी. मग "अहो, हे जरा बघता का, मला जमत नाही," असं म्हणायचं. पहिल्यांदा ते "प्लंबरला बोलाव" म्हणाले. दुसऱ्यांदा उठले. तिसऱ्यांदा मिक्सरमागे हात घातला. पुढे ताईच्या समोरच्या भाभींनाही या पुण्यकार्यात सामील करून घेतलं आणि तिथे घोटाळा झाला. भाभींना ढिलं म्हणजे किती ढिलं, याचा अंदाज नव्हता. त्यांनी पाहुण्यांसाठीची मोठी खुर्ची एवढी मनापासून ढिली केली की दाजी तिच्यावर टेकले आणि थेट जमिनीवर आले. हात वर धरलेला होता म्हणून वाचला. भाभी रडकुंडीला आल्या, "भाईसाब, मैंने तो आपके लिए ही" एवढं म्हणाल्या आणि ताईने चिमटा काढताच गप्प झाल्या. दाजी उठले, खुर्ची उलटी केली, बराच वेळ बघितली, आणि तिचे स्क्रू बसवायला लागले.

दिवाळीच्या आधी ते माझ्याकडे आले. मी सकाळीच कुकरचा दांडा सैल करून ठेवला होता. खिशात लाल मूठ दिसत होती. त्यांनी ती उजव्या हाताने काढली, दांड्याचा स्क्रू हळूहळू फिरवायला लागले आणि डोळे मिटले. मला तो फवारा आठवला. दाजी फिरवत राहिले, हळू, आणखी हळू, आणि थांबले. "बस," ते म्हणाले. "आला." डोळे उघडले तेव्हा ते भरलेले होते. माझेही होते, मी लपवले नाहीत.

"आता एक काम करा," नाक पुसत ते म्हणाले, "हा खेळ बंद करा सगळ्यांनी."

"कसला खेळ?"

"मेव्हणीबाई, आपोआप ढिला झालेला स्क्रू फिरवताना जरा अडतो. त्यात तेल, मसाला, काय काय साचलेलं असतं. तुमचे सगळे कसे लोण्यासारखे फिरायचे. आणि चमच्याने ओरबाडलेलं डोकं काय मला दिसत नाही?"

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? तुम्ही एवढ्या मेहनतीने आपापली घरं खिळखिळी करून ठेवता. आधी वाटलं, रागवावं. मग म्हटलं, राहू दे. मॅडम बोलल्याच होत्या ना, ढिलं करूनपण दुरुस्त होतं म्हणून."

दांड्याचा दुसरा स्क्रू राहिला होता. त्यांनी तो केला नाही. स्क्रू ड्रायव्हर माझ्या हातात दिला. म्हणाले, मधलं बोट अजून परकंच आहे, ते बहुतेक तसंच राहील, आणि आता डाव्या हातालाही मुंग्या सुरू झाल्यात. "तू शिकून घे. मी काय कायम येणार आहे का?" मी चिडले, असलं काही बोलायचं नाही म्हणून सांगितलं. ते ऐकेनात. मी फिरवायला लागले, आणि त्यांनी आपलं पहिलं बोट माझ्या बोटावर हलकंच टेकवून ठेवलं. एका जागी स्क्रू किंचित जड झाला. "थांब," ते म्हणाले. "कळलं?" खरंच कळलं होतं. ज्या गोष्टीवरून इतकी वर्षं मी त्यांची चेष्टा करत होते, ती एवढीशी होती, पण खरोखर होती.

स्क्रू ढिले करणार नाही असं मी त्यांना वचन दिलंय. दाजी आता बोलावल्याशिवाय फारसे येत नाहीत. गाडी, जिने, हाताचं दुखणं, काही ना काही असतं. आणि बोलवायला काही निमित्त उरलेलं नाही. रोज सकाळी कुकर लावण्याआधी मी दांडा हलवून बघते. अजून तरी तो बोलत नाही. आपोआप ढिलं व्हायला वेळ लागतो. मी वाट बघते आहे.