भिजलेल्या भिंतीवरची काच

"मॅडम, हॉलमध्ये पाणी शिरलंय. तुम्ही आधी निघा, बाकीचं इथे आल्यावर सांगतो."

जाधव काकांचा फोन आला तेव्हा मी अंबरनाथला माझ्या ऑफिसचं शटर उघडत होते. काका फॅक्टरीतून सुपरवायझर म्हणून रिटायर झालेले, आणि जांभूळ गावाच्या बाजूला ध्यानकेंद्र बांधणाऱ्या ट्रस्टचे अध्यक्ष. मी त्यांची आर्किटेक्ट. मे महिना चालू होता. पाणी आलं कुठून?

रिक्षात बसल्यावर डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. भिंती मातीच्या आहेत.

मातीच्या म्हणजे लिंपलेल्या नव्हेत. माती चाळून घ्यायची, त्यात रेती आणि थोडं सिमेंट मिसळायचं, हाताने दाबायच्या मशीनमध्ये ठोकळे पाडायचे आणि ओल्या गोणपाटाखाली काही आठवडे ठेवायचे. या ओलं ठेवण्याला क्युअरिंग म्हणतात. भट्टी लागत नाही, म्हणजे लाकूड-कोळसा जळत नाही. खोली गार राहते, बाहेरचा आवाज कमी येतो. वर बांबूचं छप्पर आणि मंगलोरी कौलं. ध्यानाला बसणाऱ्यांना आणखी काय हवं, असं मला वाटलं होतं.

शांताबाईंना तसं वाटलं नव्हतं. त्या उल्हासनगरच्या, बालवाडीच्या रिटायर्ड बाई, कमिटीत सगळ्यांत मोठ्या. पहिल्याच मीटिंगला त्यांनी मला विचारलं होतं, "बाई, माझी आई जन्मभर भिंती लिंपत राहिली. दर पावसाळ्यात एक कोपरा खचायचा. तिथून आम्ही पक्क्या घरात आलो. आता वर्गणी काढून परत मातीतच बसायचं?"

माझ्याकडे लॅबचे रिपोर्ट होते. मी ते पुढे केले. त्यांनी पर्समधून चष्मासुद्धा काढला नाही. डिझाइन पास झालं, पण त्यांचा हात वर आला नव्हता.

साईटवर पोचले तर शेजारच्या प्लॉटवर एक जेसीबी तिरका उभा होता. खोदताना त्याने पाण्याची मोठी लाइन फोडली होती. व्हॉल्व्ह बंद होईपर्यंत फवारा थेट आमच्या पश्चिमेच्या भिंतीवर बसत होता. आत घोट्याएवढं पाणी. भिंत खालून वरपर्यंत काळी पडलेली.

आदल्या वर्षीच्या सव्वीस जुलैचा पूर अजून ताजा होता. कमिटीतल्या निम्म्या लोकांच्या घरांत तेव्हा पाणी शिरलं होतं. त्यातलं कुणीही कुंपणाच्या आत पाय टाकायला तयार नव्हतं. 

आमचे कॉन्ट्रॅक्टर राजूभाई, उल्हासनगरचे सिंधी. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ते भिंतीकडे बघत होते. "मॅडम, सच बोलू? शाम तक खडी रही तो मानूंगा."

"आधी सगळ्यांना लांब करा," मी म्हटलं. "आणि छपराखाली सपोर्ट लावायचेत."

असा ठोकळा भिजला की त्याची ताकद जवळपास निम्मी होते. डिझाइन करताना आपण हे धरलेलं असतं. पण कागदावर धरणं वेगळं, आणि खरोखरचं छप्पर वर असताना त्याखाली माणसं पाठवणं वेगळं. आत जाणार कोण? राजूभाईंनी एक लोखंडी पाइप उचलला आणि चालू लागले. मागून दोन मिस्त्री. ही भिंत टिकते असं मी सगळ्यांना सांगितलं होतं, त्यामुळे मलाही जावंच लागलं. सपोर्ट लावून होईपर्यंत कौलाचा बारीकसा आवाज आला तरी आम्ही चौघंही थांबत होतो.

संध्याकाळी भिंत उभी होती. पण खिडकीच्या खालून कोपऱ्याकडे एक चीर गेली होती, पायऱ्या-पायऱ्यांची.

चीर दिसली की पहिला प्रश्न असतो, ती वाढतेय का. त्यावर साधा उपाय आहे. काचेची पातळ पट्टी चिरेवर आडवी ठेवायची आणि दोन्ही टोकं प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवायची. भिंत जराशी जरी हलली तरी काच तडकते. मी दोन पट्ट्या लावल्या, एक वर, एक खाली.

दुसऱ्या दिवशी कमिटी जमली. कुणीतरी म्हणालं, "पाडून टाका आणि सरळ आरसीसी करा." जाधव काका म्हणाले, "काच काय सांगते ते तर बघू."

शांताबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "फुटली तर?"

"कोपरा पाडायचा."

"आणि नाही फुटली तर?"

"तरी मला झोप लागेलच असं नाही."



रोज सकाळी ऑफिसच्या आधी मी साईटवर जायचे. जेवण जात नव्हतं. घरी जुनी कॅल्क्युलेशन्स पुन्हा करून बघायची, उत्तर तेच यायचं, आणि त्याने काहीच बरं वाटायचं नाही. एक दिवस खालची काच तडकलेली दिसली. वरची शाबूत होती.

 खालची फुटली आणि वरची नाही, म्हणजे हालचाल खालून होती. राजूभाईंनी कोपऱ्याशी खड्डा घेतला. पायाखालची भरावाची माती पाण्याने धुऊन गेली होती, आत हात जाईल एवढी पोकळी. भिंत भिजून खचली नव्हती, तिच्या खालची जमीन गेली होती.

कोपरा तरीही पाडावा लागणार होता. पाडायच्या दिवशी शांताबाई न बोलावता आल्या आणि खुर्ची मागून घेऊन बसल्या. मिस्त्रीने पहार घातली. ठोकळे सहजी निघेनात. घामाघूम झाल्यावर एक अर्धा तुकडा खाली पडला. शांताबाईंनी तो उचलला, नखाने खरवडला, मग दगडावर आपटून बघितला.

"हे आमच्या आईच्या भिंतीसारखं नाही."

"नाही," मी म्हटलं.

"मग पहिल्या दिवशी हा हातात का नाही दिलात? कागद कसले दाखवत बसलात?"

 राजूभाई दुसरीकडे बघून हसले.

"आणि बाहेरून कमरेपर्यंत काळा दगड लावा," त्या पुढे म्हणाल्या. "पाणी काय, परत येणारच."

माझ्या ड्रॉइंगमध्ये दगड नव्हता. भिंत जमिनीपासून मातीच्याच रंगाची दिसावी असा माझा हट्ट होता. मी तो सोडला. पाया खोल नेला, कोपरा परत बांधला, दगड लावला. खरं सांगायचं तर आता तो भाग सगळ्यांत चांगला दिसतो.

पावसाळा संपल्यावर केंद्र सुरू झालं. पहिल्या बैठकीला शांताबाई पश्चिमेच्या बाजूलाच बसल्या. भिंतीला पाठ मात्र टेकली नाही. काका म्हणाले, ध्यानात टेकायचं नसतंच.

तेव्हापासून नवीन साईट बघायला गेले की आधी विचारते, पाण्याची लाइन कुठून जाते. मग विचारते, इथे बसणारी माणसं याआधी कसल्या घरात राहिली आहेत. कॉलेजात यातला एकही प्रश्न सिलॅबसमध्ये नव्हता.