दांडीवरची बोटं

लोकांचे दैवी अनुभव मी जरा हातचं राखूनच वाचते. त्यांत हमखास भगव्या कपड्यातला कुणीतरी येतो, अंगारा देतो आणि वळणावर नाहीसा होतो. मी गुरुवार करते, दत्ताला फूल वाहते, पण माझ्याकडे कधी कुणी आलं नव्हतं. आली ती शेजारची रूथ, चर्चच्या चांगल्या झग्यात, आणि नाहीशी तर ती अजिबात झाली नाही.

त्या रविवारी सकाळी माझा नवरा न्हाणीघरात कोसळला. आम्ही राहतो पश्चिम आयर्लंडमध्ये; जवळच्या कासलबारच्या इस्पितळात कळलं, मेंदूत रक्तस्राव झालाय आणि शस्त्रक्रिया डब्लिनला, ब्युमॉन्टच्या मोठ्या इस्पितळात करावी लागेल. रुग्णवाहिका त्याला घेऊन गेली. तीत मला जागा नव्हती. "शक्य तितक्या लवकर पोहोचा," असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्याचा अर्थ मी विचारला नाही. मला गाडी चालवता येत नाही आणि आमच्या गावात मराठी माणसं म्हणजे आम्ही दोघंच.

घरासमोर रुग्णवाहिका पाहून रूथ मागोमाग इस्पितळात आली होती. यूटाहमध्ये जन्मलेली, आमच्या मेयो परगण्यातल्या मेंढपाळाशी लग्न करून इथंच मुरलेली ही मॉर्मन पंथाची बाई. त्यांच्यात चहा वर्ज्य. चहा नाकारणारी बाई आयर्लंडमध्ये चाळीस वर्षं टिकली, हाच खरा चमत्कार. ती धर्माचं काही सांगत बसेल या भीतीनं मी तिच्यापासून चार हात लांबच राहत असे.

"मी ट्रेननं जाईन. आय अ‍ॅम ग्रँड," मी म्हटलं. म्हणजे इथल्या बोलीत, माझं ठीक आहे. कुणाचे उपकार घ्यायचे नाहीत, ही माझी जुनी ऐट.

"तू अजिबात ग्रँड नाहीस. बस गाडीत."

मागच्या सीटवर तिचं मेंढ्या राखणारं ओलं कुत्रं होतं. अर्ध्या वाटेवरच्या लाँगफर्डपर्यंत रूथ मेंढ्यांच्या खुरांच्या रोगाबद्दल बोलली. देवाचं नावसुद्धा नाही. पेट्रोल पंपावर तिनं माझ्यासाठी चहा आणि सँडविच आणलं.

"आणि तुम्ही?"

"आज महिन्याचा पहिला रविवार. आमचा उपवास."

"पाणी तरी?"

"तेही नाही."

आमच्या उपवासाला साबुदाणा, बटाटा आणि दाण्याचं कूट चालतं, हे मी त्या क्षणी सांगितलं नाही. एवढा कडकपणा आला कुठून, असं मात्र विचारलं. तेव्हा तिनं आपल्या खापरपणजीची गोष्ट सांगितली. आयर्लंडच्या उत्तरेकडच्या लिननच्या गिरणीत कामाला असलेल्या त्या मुलीनं या नव्या पंथाची दीक्षा घेतली आणि घरच्यांनी दार लावून घेतलं. ती जहाजानं अमेरिकेला गेली आणि पुढं सगळा संसार हातगाडीवर लादून माळरान तुडवत यूटाहकडे निघाली. हातगाडी म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे आधी केळीच आली. पण त्या वाटेवर बर्फ पडलं, अन्न संपलं, माणसं मेली. अखेर आधी पोहोचलेल्यांनी घोडागाड्या पाठवल्या, तर ही चढेना. म्हणाली, इतकं ओढलंय, पुढचंही ओढीन.

"मग?"

"तिची बोटं दांडीभोवती गोठली होती. गाडीवानानं एकेक करून सोडवली, तिला उचलून आत ठेवलं. घरात सगळे तिच्या चालण्याचं कौतुक सांगतात. मला आपली ती बोटं सोडवल्याची गोष्ट आवडते."

मी खाली पाहिलं. पर्सचा पट्टा मी इतका आवळला होता की तळव्यावर वळ उठले होते. जणू मी पकड सैल केली तर तिकडे त्याचा श्वास थांबेल. दत्ताला मनात म्हटलं, आता तूच ओढ. मुठी उघडल्या, आणि सांगायला लाज वाटते, मला गाढ झोप लागली. जाग आली ती ब्युमॉन्टच्या दारात.

त्याला शस्त्रक्रियेसाठी आत नेण्याआधी मी पोहोचले. त्यानं अर्धवट डोळे उघडले. "कशी आलीस?"

"रूथनं आणलं."

"तिला चहा दे," तो म्हणाला. तिचं पथ्य त्याच्या कधीच लक्षात राहिलं नव्हतं.

तो वाचला. डावा हात अजून जरा मंद आहे. शस्त्रक्रिया डॉक्टरांनी केली, गाडी रूथनं चालवली. त्यात दत्ताचा वाटा किती, हे मी मोजत नाही. दत्तापाशी चार कुत्री असतात. माझ्या वाट्याला एकच आलं, आणि त्याला ओल्या लोकरीचा वास येत होता. तक्रार नाही.

परवा रूथ दारात उभी होती, हातात गरम पाव. 'कशाला उगाच' म्हणायला मी तोंड उघडलं, मिटलं, आणि दोन्ही हात पुढे केले.