नकाशावरची हळद

मीनल जर्मनीतल्या एका विद्यापीठाच्या आर्काइव्हमध्ये जुने आयरिश कागद स्कॅन करून सगळ्यांसाठी नेटवर टाकायची. त्या सकाळी ओल्या हळदीचं लोणचं घालून ती कामावर आली. हात घासून धुतले होते, तरी एका आयरिश खेड्याच्या हाताने काढलेल्या नकाशावर तिचं पिवळं बोट उमटलं. नोकरी अजून कायम व्हायची होती. तिने ओला कापूस उचलला, थबकली, आणि तो खाली ठेवून कागद दुरुस्त करणाऱ्या केलरबाईंना बोलावलं.

भिंगातून बघत बाईंनी विचारलं, "पुसलं नाहीस ना?"

"नाही."

"गेनाऊ, अगदी बरोबर. पुसलं असतंस तर शाई गेली असती, आणि मग तुझी नोकरीही."

"आता?"

"आता तसाच स्कॅन कर. खाली लिही, डाग कशाचा आणि कुणाचा."

मीनलने स्वतःचं नाव टाइप केलं.