काकांनी गाडी दोनदा दान केली

माझ्या डोक्यावर आजवर बसलेला सर्वांत पवित्र फटका तांब्याच्या ताम्हणाचा होता. काकांच्या सहस्रचंद्रदर्शनाचा दिवस, भोपाळच्या सोनागिरीतलं त्यांचं अंगण, होमाचा धूर अजून डोळ्यांत. अशा मंगल प्रसंगी रक्त सांडलं म्हणून कुणी हळहळू नये. आमच्या घराण्यात साखरपुड्यालाही टाके पडलेले आहेत.

काका कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. ऐंशी ओलांडली तरी मनगट लोखंडी, डोळे मात्र काचबिंदूने निम्मे खाल्लेले. समोरचं दिसायचं, कडेचं नाही. आणि अशा माणसाच्या हातात मुलाने परदेशातून घेऊन दिलेली छोटीशी, लालभडक, आलिशान गाडी होती. आकाराने सुटकेस, अंगात रानडुकराचा जोर. त्या गाडीने त्यांनी पोहे-जिलेबीची हातगाडी उलथवली, शेजाऱ्याचं फाटक बिजागऱ्यांसकट उपटलं आणि नेहरू नगरला माझ्याकडे जेवायला येताना माझ्याच कुंपणाच्या भिंतीत घुसले. प्रत्येक वेळी शेजारच्या सीटवर काकू. भिंतीच्या वेळी तिचा खांदा निखळला. काका उतरून म्हणाले, "भिंत जरा पुढेच बांधलीय तू."

"अरे, यांच्या शेजारी बसल्याबसल्याच मी एक दिवस मरणार," काकू मला म्हणाली. "आणि हे सांगत फिरतील, हिला पट्टा नीट लावता येत नव्हता."

"मग बसू नकोस ना."

"मी नाही बसले तर रस्त्यावरचं कुणीतरी मरेल. मी निदान ओरडते तरी."

डॉक्टरांनी सांगून पाहिलं. मुलाने फोनवर रडून पाहिलं. कागदोपत्री गाडी त्याचीच होती आणि ती देऊन टाकायला तो केव्हाच तयार होता; अडत होते ते काका. ते जगात एकाच गोष्टीला भीत, ती म्हणजे हातावरून सोडलेलं पाणी. पाणी सोडलं की वस्तू आपली राहिली नाही, हे आम्ही लहानपणापासून त्यांच्याकडून ऐकत आलो.

काकूने बरोबर तिथेच सुरुंग लावला. या शांतीत दहा दानं असतात, त्यांत गोदान. आता अंगणात गाय कोण आणतो? नारळ आणि वर दक्षिणा ठेवून उरकतात. काकूने त्या नारळाखाली गाडीची किल्ली सरकवली. दान घ्यायला बोलावला कोटऱ्यातल्या एका संस्थेचा माणूस. डायलिसिसच्या पेशंटना घरून न्यायचं, परत आणून सोडायचं, हे त्यांचं काम. गुरुजी मूळचे नागपूरचे. कटात सामील व्हाल का, असं विचारताच ते लगेच हो म्हणाले; काकांनी त्यांना एकदा लिफ्ट दिली होती.

काकांनी तुळशीपत्र धरलं, पाणी सोडलं, खणखणीत आवाजात "न मम" म्हणाले. इथवर सगळं सुरेख. पण त्या भल्या माणसाला दम निघेना. त्याने तिथेच किल्लीचं बटण दाबलं आणि गाडी फाटकाजवळून टुकटुक करून बोलली.

काकांचे कान मात्र तरुण होते.

"कोण आहे रे गाडीपाशी?"

"बाबूजी, गाडी तो आपने ही दी है अभी!"

ताम्हण सुटलं ते त्याच्या रोखाने, पण कडेचं दिसत नसल्यामुळे आलं माझ्या कपाळावर. मी रांगोळीत आडवा. मग काकांनी पाट उचलला आणि गुरुजींच्या गुडघ्यावर हाणला.

"अहो यजमान, पुरोहिताला मारणं महापाप आहे!"

"प्रायश्चित्त सांगून ठेवा, तेही करतो!" म्हणत दुसरा हाणला.

संस्थेचा माणूस तालमीतला. त्याने काकांना मागून कवळ घातली, तर काकांनी त्याच्या दंडात दात रुतवले. "अरे खां, ये तो काट रिये हैं!" असं तो ओरडेपर्यंत किल्ली काकांच्या मुठीत होती आणि काका पितांबर सावरत गाडीत. दार धाडकन लागलं. गाडी मागे सुटली. मांडवाचा बांबू कडाडला, कापड व्याह्यांवर कोसळलं, दोन खुर्च्यांचा चुरा झाला.

आणि काकू चालत जाऊन गाडीच्या मागे उभी राहिली.

आम्ही सगळे किंचाळलो. त्या आवाजाने ब्रेक लागला, पण थोडा उशिरा. काकू विटांच्या कडेवर आपटली. कोपर फाटलं, रक्त शालूवर उतरलं. मी धावलो, तर तिने मलाच बाजूला ढकललं, उठली, गाडीचं दार उघडलं आणि काकांच्या कानाखाली अशी वाजवली की मांडवाखालचे व्याहीसुद्धा गप्प झाले.

"लाल शालू नेसून मागे उभी होते. दिसले का तुम्हाला?"

काका गालाला हात लावून बसले. आरशात पाहिलं, मान वळवून पाहिलं, पुन्हा आरशात पाहिलं.

"नाही," ते म्हणाले.

इंजिन त्यांनीच बंद केलं. खाली उतरले, पाट उचलून जागेवर ठेवला आणि गुरुजींवर खेकसले, "फसवून सोडवलेलं पाणी लागत नाही. पुन्हा सांगा संकल्प. आणि गाय म्हणायचं नाही. मोटार म्हणा."

"संस्कृतात मोटार?"

"मराठीत म्हणा! देव काय भोपाळात नवा आहे?"

गुरुजी पाय लांब करून, कण्हत बसले. दंड चोळत तो माणूस समोर बसला, जरा लांबच. या वेळी किल्ली उघड्यावर होती, काकांच्या तळहातावर, तुळशीपत्राखाली. संकल्पाला बायकोचा हात नवऱ्याच्या हाताला लागावा लागतो. काकूने आपला लावला. त्यावरून रक्त ओघळत होतं, ते काकांच्या मनगटावर आलं.

पळी वरच थांबली.

"फार लागलंय का गं?"

"पाणी सोडा आधी," काकू म्हणाली.