पाच घरांची एक मोटर

माझी नोकरी तीस घरांवर उभी होती. घरात पाणी किती लागतं आणि ते चढवायला, तापवायला वीज, गॅस, सरपण किती जळतं, हे एकत्र मोजायचं काम. संस्था जळगावची, माझ्या वाट्याला आलेली तीस घरं धुळ्यातली. साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "नोंदी चोख निघाल्या तर पुढं ठेवू. नाहीतर नमस्कार." माझं लग्न नुकतंच ठरलं होतं, आणि होणाऱ्या सासऱ्यांपुढं मी स्वतःला जवळजवळ शास्त्रज्ञ करून टाकलं होतं. नोकरी गेली असती तर नवरदेवही गेला असता.

मे महिना होता. धुळ्यात मी छत्री उघडली की छत्रीच माझ्या सावलीत येऊन बसायची. तशा उन्हात मी एकोणतीस दारं हिंडून आलो की तिसाव्या दारी मला ओळखायला माझं ओळखपत्र मलाच वाचावं लागे. प्रत्येक घरात मोटरच्या बटणाशी विजेचं मीटर लावलं, गच्चीवरच्या टाकीच्या तोंडाशी पाण्याचं मीटर लावलं आणि आठवड्यानं आकडे घेतले.

पंचवीस घरं शहाण्यासारखी वागली. उताराच्या एका गल्लीतली पाच मात्र भुतानं झपाटल्यासारखी निघाली. खालच्या टोकाला अक्का राहायच्या. त्यांच्या मोटरनं वीज अशी प्यायली होती की तेवढ्यात तापी उचलून सातपुड्यावर ठेवता आली असती, आणि टाकीत पाणी पडलेलं चिमणीच्या अंघोळीपुरतं. त्यांच्या वरच्या चार घरांत हत्ती पोहतील एवढं पाणी, आणि मोटरचं मीटर शून्यावर. त्यातल्याच एका घरी, नानांकडं, माणसं दोन आणि बंबात जळणारी पऱ्हाटी, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, एवढी, की आजूबाजूचे शेतकरी कपाशी त्या बंबासाठीच पेरत असावेत.

मी मीटर बदलली. एक तर देवापुढं ठेवून उदबत्तीही ओवाळली. आकडे तेच. साहेब गुरुवारी तपासायला येणार होते.

बुधवारी मी पहिल्यांदा पाण्याच्या वेळेला, पहाटे गल्लीत गेलो. तोवर नेहमी दुपारी जात होतो, कारण दुपारी घरोघरी चहा मिळतो. पाहतो तर काय! नळाला जोर फक्त खालच्या टोकाला, म्हणजे अक्कांच्या हौदात. त्यांची मोटर सुरू, आणि तिच्या तोंडाला एकामागून एक पाइप जोडून पाणी वरच्या चारी टाक्यांत चाललेलं. आणि त्या बदल्यात? नानांच्या बंबाचं गरम पाणी बादल्या भरभरून पाचही घरांत.

"अक्का, हे सांगितलं का नाही?"

"तू ईचारं का? तू ईचारं, मोटर शे का? मी सांगं, शे. मोटर मनी शे, पानी बठ्ठासनं शे."

फॉर्मात 'बठ्ठासनं', म्हणजे सगळ्यांचं, असा रकाना नव्हता. मी ओट्यावर बसलो आणि नोकरी, लग्न, सासरे, सगळं सांगून टाकलं. नाना गंभीर झाले. "पोऱ्याचं लग्न मोडतं म्हणजे काय? उद्या ज्याची त्याची मोटर लावायची. साहेबाला पाच घरं पाच दिसली पाहिजेत."

अडगळीतून चार मोटरी निघाल्या. एकीत मुंग्यांचं गाव होतं. दुसरीत मांजरीची पिल्लं होती, त्यांना सन्मानानं खोक्यात हलवलं.

गुरुवारी पहाटे साहेब आले. नानांनी मिशीवर ताव देऊन इशारा केला, आणि पाचही घरांनी एकदम बटणं दाबली. वरच्या चार नळांत पाणी नव्हतंच. मोटरींनी हवा ओढली आणि चौघी जणी विंचू चावल्यागत किंचाळल्या. मग खांबावर असा बार उडाला की चाळीसगावच्या फलाटावर लोकांनी गाडी आली म्हणून पिशव्या उचलल्या.

वीज गेली. साहेबांनी पाचही घरांची मीटर पाहिली. त्या पहाटेचं पाणी शून्य, वीज शून्य.

"गल्ली फारच काटकसरी दिसते," साहेब म्हणाले.

मी मनातल्या मनात मांडवाचे खांब उपटायला लागलो.

वायरमननं खांबावर चढून वीज आणली तेव्हा पाणी जायला थोडाच वेळ उरला होता. अक्कांचा धीर सुटला. "चुलीत जावो तुमनं नाटक!" असं म्हणून त्यांनी आपली मोटर लावली, आणि सवयीनं चारी घरांतून बायामाणसं धावली. पाइप साहेबांच्या बुटांवरून गेला.

साहेब पाइपाकडं बघत म्हणाले, "हा कोणत्या घराचा?"

"पाइपले काय घर ऱ्हास का साहेब?" अक्का म्हणाल्या.

साहेब पाइपामागं चालत वर गेले, नानांच्या बंबाशी थांबले, तिथून निघालेल्या बादल्यांमागं परत खाली आले.

"स्वयंपाकही एकत्र?" त्यांनी मला विचारलं.

"नाही साहेब. स्वयंपाक वेगळा, भांडणंही वेगळी."

त्यांनी फॉर्म घेतले, पाचातले चार काट मारून बाजूला केले आणि पाचव्यावर सगळं एकत्र लिहिलं. "पाणी आणि जळण मोजायचं तर हे एकच घर आहे. म्हणजे तुमची तीस नाहीत, सव्वीस घरं झाली."

माझ्या तोंडचं पाणी पळालं, तेवढं कुठल्याच मीटरवर उमटलं नाही.

"चार नवी शोधा," साहेब पुढं म्हणाले, "आणि बाकीची पंचवीसही पुन्हा तपासा. पाण्याच्या वेळेला, चहाच्या नव्हे. काम संपेपर्यंत तुम्ही इथंच."

मी बोटांवर महिने मोजले. लग्न आरामात उरकत होतं.

जीप गेल्यावर अक्कांनी विचारलं, "म्हनजे नोकरी ऱ्हायनी ना?"

"राहिली, अक्का. आता चार घरं शोधायची."

"मंग वरल्या गल्लीमा जाऊ नको," त्या पाइप गुंडाळत म्हणाल्या. "तठे सात घरेसले एकच मोटर शे."