पिवळी गोळी आणि लोढणं

ईट गावात धोंडप्पानं चाळीस वर्षं सगळ्यांची गुरं राखली. कुठली गाय आज कुणाच्या रानात शिरणार, हे त्याला तिच्या चालीवरून कळायचं. बायकोची, कडूबाईची, चाल बिघडली तेही आधी त्यालाच कळलं. पुढं तीन महिन्यांत तिचं बोलणं गेलं, हातपाय झटके देऊ लागले. सोलापूरच्या डॉक्टरनं नाव सांगितलं, प्रिऑनचा आजार. औषध नाही, हेही सांगितलं.

भावकीतल्या वैजनाथनं मोबाइलवर वाचून कुठून तरी पिवळ्या गोळ्या मिळवल्या. मलेरियाचं जुनं औषध. प्रिऑनला धरून ठेवतं म्हणे. पुडी चार दिवस धोंडप्पाच्या खिशात होती. कडूबाईची भाची शिवकन्या हैदराबादच्या प्रयोगशाळेत असलीच रसायनं बनवायची. ती आली, तशी त्यानं पुडी तिच्यापुढं धरली.

“खरंच धरतंय का गं?”

“काचेच्या नळीत धरतं, मामा. मेंदूत एक प्रथिन असतं. त्यातलं एक वाकडं झालं, म्हणजे त्याचं प्रिऑन झालं, की ते शेजारच्या चांगल्याला वाकडं करतं. चांगल्याला चिकटून बसेल असं रसायन आम्ही शोधतोय. ते बसलं की त्याला वाकता येत नाही.”

“म्हंजी लोढणं.” पळणाऱ्या ढोराच्या गळ्यात अडकवतात तो ओंडका त्यानं हातानं दाखवला.

“व्हय, तसंच.”

“मग बांध की तुझ्या आत्याला.”

“आमचं अजून उंदरांपर्यंतच पोचलंय. ही गोळी मात्र माणसांना देऊन बघितलीय. कुणाचा जीव वाचला नाही. लिव्हर बिघडतं, ओकाऱ्या होतात.”

कळप पार उधळल्यावर लोढणं घेऊन मागं धावण्यात काही नसतं, हे धोंडप्पाला सांगायची गरज नव्हती.

“ओकली तर पोटात काय ऱ्हायचं? वाटीभर दूध तेवढं जातंय आता.”

पुडी त्यानं शिवकन्येकडं दिली आणि वाटी घेतली. कडूबाईनं ओठ घट्ट मिटले होते. त्यानं शीळ घातली, लांब आणि हलकी, हौदावर गुरं पाण्याला लागावीत म्हणून घालायचा तीच.

शेजारची म्हातारी प्रेमाबाई दारातून म्हणाली, “बायकू हाय का म्हैस रं ती?”

“म्हैस बिगीनं पिती, काकी.”

कडूबाईचं तोंड उघडलं. एक घोट आत गेला. वाटीत अजून बरंच होतं. त्यानं पुन्हा शीळ घातली.