रुसलेला व्याही आणि सोफ्यावरचे दोघे

मी नोकरीसाठी बंगळुरला निघाले तेव्हा एरंडोलच्या बसस्टँडवर आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, रुसलेल्या व्याह्याची नक्कल केली. आई रडत होती, म्हणून. मानपान झाला नाही म्हणून व्याही पंगतीत तोंड फिरवून बसतो, "मी नही जेवाव" म्हणतो आणि गप्प होतो. डोळा मात्र हळूहळू ताटातल्या बट्टीकडे सरकतो. सगळी गंमत त्या गप्प बसण्यात. आई रडता रडता हसली आणि बस सुटली.

बंगळुरात खोली, ऑफिस, पार्सलचं जेवण. विनोद बघून एकटीला हसूच येईना. आमच्या शेतातल्या भरीत पार्टीत माणूस हसण्याआधी शेजारच्याच्या तोंडाकडे बघतो, ती सवय. म्हणून मी रिॲक्शन व्हिडिओंच्या नादी लागले. दोन पोरं सोफ्यावर बसून कुणाची तरी कॉमेडी बघतात, हसतात, आणि आपण त्यांच्याकडे बघत जेवायचं. असल्या उष्ट्या हसण्यावर मी चार वर्षं काढली. लिहितानाही शिसारी येते, पण तेव्हा सोबत वाटायची हे खरं.

त्यात मी अतिशहाणी! सुट्टीत घरी गेले तेव्हा आबांची ती व्याह्याची नक्कल शूट करून त्या दोघांना पाठवली. वाटलं, आता बघा म्हणावं, खरा विनोद काय असतो.

त्यांनी पहिल्याच वाक्याला व्हिडिओ थांबवला. "ही कुठली भाषा, ब्रो?" म्हणत एकजण सोफ्यावरून घसरला. दुसऱ्याला आबांचे पडलेले दात सापडले, ते त्यानं झूम करून तीनदा दाखवले. आबा गप्प बसले तिथं "काहीच होत नाहीये" म्हणून व्हिडिओ पुढं ढकलला. बट्टीपर्यंत ते पोचलेच नाहीत. घशापर्यंत उघडी तोंडं आणि डोळे मात्र कॅमेऱ्याकडे. मी हातातला घास परत ठेवला.

गावात तो व्हिडिओ मी बघायच्या आधीच फिरला होता. आबांचा फोन आला, "माले देखीसन त्या कितला हासनात वं माय! बठ्ठं गाव देखी ऱ्हायनं!" आपल्याला बघून ती पोरं किती हसली, सगळं गाव बघतंय, याचाच त्यांना आनंद. ते तुमच्यावर हसले आबा, एवढंच सांगायचं होतं. मी "हो ना" म्हणाले.

यंदा हिवाळ्यात भरीत पार्टीला गेले. वांगी भाजून झाल्यावर सगळ्यांनी आबांना उभं केलं. आबांनी सुरुवातच दात विचकून केली. बोलणं मुद्दाम वेडंवाकडं, दर वाक्यामागं हसायला जागा. आणि व्याह्याचं ते गप्प बसणं त्यांनी गाळूनच टाकलं. पोरं खिदळली. चुलते खाली बघत राहिले. आबा मात्र माझ्याच तोंडाकडे बघत होते.

जिथं खोटं हसावं लागत नाही ते घर, असं मी बंगळुरात सगळ्यांना सांगत आले होते. त्या दिवशी आमच्याच शेतात मी मांडीवर थाप मारून, तोंड उघडून, त्या दोघांसारखीच हसले. मला माझीच किळस आली.

आबा खुलले. म्हणाले, "आते जमनं!"